सत्ताविसावी ओळ

छत्रीवाले आजोबा दवाखान्याच्या फाटकातच चक्कर येऊन पडले, तेव्हा मी आत्याचा डबा घेऊन नेमकी तिथे पोचले होते. आजोबा समोरच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करतात. माझी आत्या दवाखान्यात आया आहे. तिने आणि मी त्यांना उचलून बाकावर झोपवलं. खिशात गोळ्यांची पुडी निघाली. ब्लडप्रेशरची गोळी रात्री एकच घ्यायची, तर हे दिवसातून तीन घेत होते.

"आजोबा, पुडीवर लिहिलंय की सगळं!"

"वाचता येत असतं तर छत्र्या शिवत बसलो असतो का?" ते पडल्या पडल्या म्हणाले. "आधी पुडीवर चंद्र असायचा. चंद्र म्हणजे रात्री. आता नुसत्या मुंग्या."

माझं टाळकंच सटकलं. कारण तो चंद्र माझा होता!

मी सातवीत असताना दवाखान्याने ठरवलं होतं, की ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपलं औषध नीट कळलं पाहिजे. आत्याने कल्पना सुचवली, चित्रं मी काढली आणि त्यांचे शिक्के तयार झाले. सकाळी उगवता सूर्य, दुपारी डोक्यावरचा सूर्य, रात्री चंद्र. औषधाच्या खिडकीत पुडीवर शिक्का मारायचा, धप्प! फीत कापली, भाषणं झाली, फोटोत माझं अर्धं कपाळ आलं. आता मी दहावीत आहे आणि शिक्क्यांचा पत्ता नाही.

मी तडक खिडकीवर गेले.

"कंपाउंडरकाका, शिक्के कुठे गेले?"

"ड्रॉवरमध्ये आहेत."

"मग मारत का नाही?"

"पॅड वाळलं."

"कधी?"

"झाले सात-आठ महिने."

"अहो, मग नवीन आणा ना!"

"मी कुठून आणू? आधीची पॅडं त्या शिक्क्यांच्या प्रकल्पातून आली होती. प्रकल्प संपला. चला, पुढचं कोण?"

मी कोणाशी तरी कडाकडा भांडायच्या तयारीने गेले होते, आणि समोर निघाला काय, तर वाळका स्पंज!

स्टोअरमधल्या मावशींनी छापील यादी दाखवली. दर महिन्याला दवाखान्यात काय यायचं त्याच्या सव्वीस ओळी. कापूस, बँडेज, फिनेल, अगदी झाडूसुद्धा. पॅड नाही.

"यादीत नाही ते येत नाही, बाळ."

"मग यादीत घाला."

"खिडकीवाल्यांनी मागायला हवं."

खिडकीवाले म्हणाले, मोठ्या डॉक्टरांनी सांगायला हवं. मी जिने चढले, उतरले, परत चढले. प्रत्येक जण इतका गोड बोलत होता की नीट भांडताही येईना.

"मीच आणते पॅड," मी आत्याला म्हटलं. "माझ्या कंपासपेटीपेक्षा स्वस्त असतं."

"आण की. पण तू कॉलेजला गेलीस की मग?"

"मग बघू."

"तेव्हाही सगळे 'मग बघू'च म्हणाले होते. तू आणलंस की ते पोरीचं पॅड होणार. पोरगी आली नाही, की पॅड नाही."

संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. आत्याचं बरोबर असतं तेव्हा ती फार असह्य होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या नव्याच आल्या होत्या आणि नव्या गोष्टींवर त्यांचा भारी जीव.

"अगं, तूच का ती चित्रं काढणारी? छानच! आता आपण बोलणारं अॅप आणतोय. पुडीचा फोटो काढायचा, की फोन वाचून दाखवणार."

"छत्रीवाल्या आजोबांच्या फोनला बटणं आहेत, डॉक्टर."

"घरी मुलं-नातवंडं असतीलच ना?"

"कोणी नाही."

त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला. मग एकदम खुलल्या. "तर मग शिक्के पुन्हा सुरू करू! नव्याने उद्घाटन करू. या वेळी फीत तूच कापायची!"

खरं सांगते, कोणता ड्रेस घालायचा इथपर्यंत माझं मन पोचलं होतं. मग आजोबांचा पांढराफटक चेहरा आठवला.

"फीत नको. यादीत एक ओळ हवी."

"एवढंच ना? होऊन जाईल."

"होऊन जाईल म्हणजे कोण करणार?" माझा आवाज जरा जास्तच चढला.

"घरीही अशीच बोलतेस का गं?"

"घरी याच्या दुप्पट," आत्या दारातून म्हणाली.

डॉक्टर हसल्या. यादी मागवून त्यांनी तळाशी पेनने लिहिलं : २७. शाईचं पॅड, निळं, दोन. खाली सही केली. मी घरी नाचत गेले.

पॅडं आली. महिनाभर पुड्यांवर सूर्य-चंद्र उगवले. नंतर ती पॅडं वाळली आणि नवीन याद्या छापून आल्या, त्या जुन्या साच्यावरून. ओळी सव्वीस! पेनने लिहिलेलं छापखान्याला काय माहीत? मोठ्या डॉक्टर पंधरा दिवस ट्रेनिंगला गेलेल्या. मावशी म्हणाल्या, "मी छापत नाही गं, मला छापून येतं." मी भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला.

"दर महिन्याला मीच यायचं का?" मी आत्यावर खेकसले. "जन्मभर?"

"तू कशाला? पुडी कोणाची आहे?" म्हणत ती बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांकडे गेली आणि एकेकाला सांगू लागली. "पुडीवर चित्र नसेल तर खिडकीवरून हलायचं नाही. कधी घ्यायची ते विचारायचं. कळेपर्यंत विचारायचं. लाजायचं नाही."

सोमवारी सगळ्यात आधी छत्रीवाले आजोबा खिडकीशी उभे राहिले.

"चंद्र कुठंय?"

"रात्री घ्या, आजोबा."

"आणि ही?"

"ती सकाळी."

"ही सकाळी?"

"ती रात्री! ती सकाळी!"

"मग मघाची कोणती?"

त्यांच्यामागे एक आजी होत्या, त्यांच्या पाच पुड्या. मग एक गवंडी, त्याला स्वतःच्या आणि बायकोच्याही समजून घ्यायच्या होत्या. रांग फाटकाबाहेर गेली. काकांचा घसा बसला. मंगळवारीही तेच झालं, बुधवारीही तेच.

शनिवारी मी शाळेतून थेट दवाखान्यात गेले, तेव्हा काका खिडकीत फोनवर ओरडत होते. "सत्तावीस नंबर छापून पाहिजे! पेनने नाही, छापून! आणि तोवर माझं पॅड आज पाठवा. हो, माझंच!"

माझं म्हणे! आठ महिने ड्रॉवर उघडलं नाही त्या माणसाने! मी लोकांना बाजूला सारत पुढे घुसले.

"काका, ते शिक्के मुळात माझे..."

"ए पोरी, मध्ये घुसू नकोस," काका म्हणाले. "रांगेत ये."