पोटॅशियमचा एकोणिसावा

मुलांनो, डोळे मिटा आणि मनाने निमोण्याच्या माळावर या. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. त्यात मेंढरं कोंडली आहेत आणि बाजूला नववीतली प्रतिभा वहीवर चिडून बसली आहे. दौंडच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोटॅशियमच्या अणूचा तक्ता उद्या द्यायचा आहे आणि मॅडमनी तो दोनदा परत केला आहे.

“आबा, इलेक्ट्रॉन एकोणीस हायेत. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, उरलेले नऊ तिसऱ्यात. तिथं तर अठरा मावत्यात! एक वाघर भरल्याबिगर आपण दुसरी लावतो का?”

“न्हाई लावत,” तिचे आजोबा भिमाआबा म्हणाले. “पर पुस्तक काय म्हणतंय?”

“सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर न्हाई,” तिने दात-ओठ खात वाचलं.

“मंग जागा हाय म्हून कोंबतीस कशाला? इलेक्ट्रॉन काय तुझ्या आज्याची मेंढरं हायेत व्हय?”

प्रतिभाला हसू आलं नाही. तिने वही आपटली. मग तीच पुन्हा ओढून घेतली, नऊ खोडून आठ केले आणि बाहेर चौथं वर्तुळ काढून त्यात एकच ठिपका दिला.