मंगळवारी उत्तरेला

माणसांना परदेशी पाठवण्याचं काम नागरत्नाने इतकी वर्षं केलं होतं, की विमान म्हटलं की तिला आकाश आठवत नसे, सामानाचा वजनकाटा आठवे. मैसूरच्या एका संशोधन संस्थेत ती प्रवासाची व्यवस्था बघायची. शास्त्रज्ञ मंडळी नकाशावर बोट ठेवून मोकळी होत. त्या बोटाखालच्या जागी माणसं, तंबू, बॅटऱ्या आणि जुलाबाच्या गोळ्या पोचवायच्या त्या नागरत्नाने. कोणी केनियात जाऊन माकडांमागे फिरलं, कोणी मादागास्करला बेडूक शोधले. नागरत्ना कुवेंपुनगरातून बसने ऑफिसात आणि ऑफिसातून बसने घरी. पासपोर्ट मात्र तिने काढून ठेवला होता. मुदत संपली म्हणून एकदा नवाही करून घेतला होता, आणि जुन्यासारखाच तोही कोरा होता.

यंदाचं काम मंगोलियाचं होतं. पट्टकादंब नावाचे राखी हंस हिवाळ्यात मैसूरकडे उतरतात. वरुणा तळ्याच्या बाजूला भाताच्या खाचरांत चरताना ते येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसतात. उन्हाळ्यात त्यांचं बिऱ्हाड मंगोलियातल्या तळ्यांवर असतं. तिथे वर्षातून एकदा त्यांच्या पंखांची पिसं झडतात आणि नवी येईपर्यंत बिचाऱ्यांना उडता येत नाही. तेवढ्या अवधीत त्यांना धरायचं, गळ्यात नंबर लिहिलेला हिरवा प्लास्टिकचा पट्टा घालायचा आणि सोडून द्यायचं. मग हिवाळ्यात इथे दुर्बिणीतून नंबर वाचला, की कोणता पक्षी कुठून आला ते कळतं. ते दिवस हुकले तर हंस उडाले आणि वर्षही गेलं.

या कामाने नागरत्नाच्या नाकी नऊ आणले होते. बॅटऱ्या विमानात कुठे ठेवायच्या, याचं उत्तर दर खिडकीवर वेगळं मिळे. जीप ठरवली, तर नेमका तिथल्या सणाचा आठवडा निघाला आणि जीपवाला घोड्यांच्या शर्यती बघायला गेला. तिथल्या एजंटला फोन लावावा, तर तो रशियन मिसळून इंग्रजी बोलायचा आणि ही कन्नड मिसळून. दोघंही एकमेकांना 'येस, येस' म्हणून फोन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

अशात प्रकल्पप्रमुख डॉक्टर हयग्रीव, जो वयाने तिच्याहून बराच लहान होता, एक दिवस म्हणाला, "मेडम, यंदा तुम्हीच चला. तिथं तळावर सगळं बघायला कोणीतरी पाहिजेच. तुमच्यासारखं आम्हाला जमत नाही."

ती "बघू" म्हणाली आणि जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की तिची तिलाच लाज वाटली.

मैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. घरी ती आणि वडील, दोघंच. तिरुमलराव गणिताचे मास्तर होते, आता ऐंशी ओलांडलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली; नागरत्नाचं लग्न आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं. भाऊ बंगळूरला. वहिनी सीतालक्ष्मी अधूनमधून येऊन जाईन म्हणाली, स्वयंपाकाला बाई ठरली, आणि तिरुमलरावांनी "मी काय पाळण्यातला आहे?" असं म्हणून विषय संपवला. मग त्यांनी पंचांग काढलं.

"रत्ना, मंगळवारी उत्तरेला? दिशाशूल आहे की ग."

"अण्णा, विमान मंगळवारीच आहे."

"असू दे. विमानाला काय सांगायचं? आपण सुम्ने, उगं आपलं, एक पस्तान ठेवू. आयतु, झालं."

पस्तान म्हणजे प्रस्थान. प्रवासाचा दिवस वाईट असला, तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, शक्यतो वस्त्र, जायच्या दिशेला शिवेपलीकडे कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, असं धरायचं. मग निघताना प्रवाशाने स्वतःच्या हाताने ती वस्तू उचलायची आणि तिथूनच पुढे जायचं. घरी मागे फिरायचं नाही. हे सगळं तिरुमलराव समजावून सांगत होते, तेव्हा नागरत्ना फोनवर व्हिसासाठी दिल्लीला गेलेल्या पासपोर्टांची चौकशी करत होती, कारण निम्मेच परत आले होते. वर न बघता ती म्हणाली, "करा काय करायचं ते."

मंगळवारी जेवणं उरकली आणि गाडी दारात आली. आत पेट्या, हयग्रीव आणि त्याची विद्यार्थिनी तुळसी. बाकीची मंडळी परस्पर बंगळूरच्या विमानतळावर येणार होती. आता फक्त गळपट्टे घ्यायचे राहिले होते. त्यांचे काठ खरखरीत होते, पक्ष्याच्या मानेला घासले असते, म्हणून नागरत्नाने ते घरी आणून रोज थोडेथोडे पॉलिशपेपरने गुळगुळीत केले होते आणि ओरखडे नकोत म्हणून आपल्या लोकरी शालीत बांधून कपाटात ठेवले होते. तिने कपाट उघडलं. शाल नव्हती.

"अण्णा, इथं माझी शाल होती. गाठोडं बांधलेली."

"ती गेली की पुढं," तिरुमलराव समाधानाने म्हणाले. "गुरुवारी मीच ठेवून आलो. येलवालला, गुरुरावाच्या घरी."

"त्यात काय होतं ठाऊक आहे?"

"प्रवाशाचं गाठोडं सोडून बघतात होय? थंड देशात शाल लागणार, आणि उचलायला हलकं होतं. म्हणून तेच घेतलं."

येलवाल हुणसूरच्या रस्त्याला, आणि बंगळूरचा रस्ता गावाच्या दुसऱ्या अंगाला. तिने गुरुरावांना फोन लावला. गुरुराव तिरुमलरावांचे जुने स्नेही. ते गाठोडं मुलाबरोबर बंगळूरच्या रस्त्यावर पाठवून द्या, असं तिने परोपरीने विनवलं.

"तसं होत नाही बाळ," गुरुराव म्हणाले. "ज्याचं पस्तान त्यानंच उचलायचं. मी दुसऱ्याच्या हाती दिलं, तर तिरुमलराव जन्मात माझ्याशी बोलायचा नाही."

नागरत्नाचा तोल सुटला. महिनोन्महिन्यांचा शीण एकदम तोंडाशी आला. "अण्णा, तुमच्या या खुळापायी इतक्या माणसांची वर्षाची मेहनत पाण्यात जाईल. तुम्हाला समजतंय का काही?"

तिरुमलराव खुर्चीतून उठले नाहीत. "तिथून तसंच पुढं जायचं," एवढंच म्हणाले. "परत यायचं नाही."

ती पाया न पडता निघाली. गाडी वळेपर्यंत तिचं तिलाच ते लागलं होतं, पण उतरायला वेळ नव्हता.

वाटेत तुळसीने पस्तान म्हणजे काय ते विचारलं. तिचं मराठी घरातल्या चार वाक्यांपुरतं, तेव्हा हयग्रीवने तिला ते कन्नडमध्ये समजावलं आणि मराठीत पुस्ती जोडली, "आमच्या अज्जांनी मला परीक्षेला पाठवताना पण ठेवलं होतं. पास झालो अल्वा, झालो ना?" तो हसवायला बघत होता. पण तोही सारखा घड्याळाकडे बघत होता, हे नागरत्नाला दिसलं.

गुरुरावांचं घराणं एके काळी रंगाऱ्यांचं. आता घराच्या पुढच्या खोलीत मुलगा नागेंद्र फ्लेक्स छापायचा, आणि उंबऱ्यापर्यंत पुढाऱ्यांचे ओले चेहरे वाळत पडलेले असायचे. आत देवापुढे पाटावर शालीचं गाठोडं होतं, वर ताजं फूल. नागरत्नाने आधी गाठ सोडली. पट्टे होते तसे होते, एकही इकडचा तिकडे नव्हता. तिच्या जिवात जीव आला. गुरुरावांच्या बायकोने, अंबाबाईंनी, कुंकू लावलं, हातावर दही घातलं आणि सहज विचारलं, "अण्णांना आता बरं वाटतंय ना ग?"

गुरुरावांनी बायकोकडे असं बघितलं, की नागरत्नाच्या हातातलं दही तसंच राहिलं.

"काय झालंय अण्णांना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुवारी तिरुमलराव बसमधून उतरून आले ते कट्ट्यावर कोसळलेच. डोळे पांढरे झाले. नागेंद्रने उचलून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मध्येच चुकतायत, मोठ्या दवाखान्यात दाखवा, बहुतेक यंत्र बसवावं लागेल, फार दिवस काढू नका. शुद्धीवर आल्यावर तिरुमलरावांनी पहिल्यांदा गाठोडं देवापुढे ठेवलं आणि मग गुरुरावांना शपथ घातली. रत्ना विमानात बसेपर्यंत बोलायचं नाही.

"मी तरी काय करू सांग," गुरुराव म्हणाले. "पस्तान ठेवल्यावर माणूस निघालेलाच असतो. आता तिला मागं ओढू नको, म्हणाला."

नागरत्ना पुढच्या खोलीत आली आणि घरी फोन लावला.

"अण्णा, डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"अंबाबाईच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले. "उचललंस ना?"

"मी घरी येते."

"आलीस तर दार उघडणार नाही."

"किल्ली आहे माझ्याकडे."

"आतून कडी लावून घेतो. एकदा निघालीस ना? मग जा. मत्ते, परत एकदा माझ्यापायी राहिलीस, असं मला आयुष्यभर ऐकायचं नाही." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

ती फ्लेक्सच्या गुंडाळीवर बसली. ती दमली होती. प्रवासाने नव्हे, प्रवास तर अजून सुरूही झाला नव्हता. दुसऱ्यांच्या वाटा साफ करता करता दमली होती, आणि आता आपली वाट आली तर पायच उचलेनात. तिला वडिलांचा राग आला, मग माया आली, मग दोन्हीचा कंटाळा आला. राहिले तर मी चांगली मुलगी, गेले तर माझं मी बघितलं. असं कोणी तोंडावर म्हणणार नव्हतं, पण तिचं तिलाच ते ऐकू येत होतं. आणि या सगळ्याखाली एक गोष्ट होती तशीच होती. तिला जायचं होतं.

हयग्रीव दारात येऊन उभा राहिला. त्याला नागेंद्रने आतलं सांगितलं असावं. "मेडम, राहायचं तर राहा. आम्ही कसं तरी करतो," तो म्हणाला. मनापासूनच म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

नागरत्नाच्या मनात आलं. हेच हयग्रीवचे वडील असते, तर तिने काय केलं असतं? केलं होतं की मागे एकदा. तो केनियात असताना त्याच्या आईला दवाखान्यात नेण्यापासून डबा पोचवण्यापर्यंत सगळी व्यवस्था तिनेच लावली होती, आणि 'तुम्ही काळजी करू नका, काम करा' असं त्याला फोनवर सांगितलं होतं. तेव्हा त्याला कोणी वाईट मुलगा म्हटलं नव्हतं. तिनेही नाही.

ती उठली. "नागेंद्र, आजपासून आमच्या घरी झोपायला जाशील? उद्या सकाळी अण्णांना हृदयाच्या दवाखान्यात न्यायचं. मी वेळ घेऊन ठेवते."

"होगली बिडू अक्का, एवढं काय त्यात. आत्ताच निघतो," नागेंद्र म्हणाला आणि यंत्र बंद करायला गेला.

गाडी रिंग रोडला लागली. एका हाताला घर, दुसऱ्या हाताला बंगळूर. घरच्या गोंधळाची कुणकुण ड्रायव्हरलाही लागली असावी, त्याने वेग कमी केला आणि आरशात बघून विचारलं, "याव कडे, मेडम?"

"बंगळूर," ती म्हणाली, आणि लगेच फोन काढला. दवाखान्यातली वेळ, सीतालक्ष्मीला उद्याच यायला सांगणं, भावाला समजावणं, औषधांच्या चिठ्ठीचा फोटो. हात सवयीने चालत होते. भाऊ म्हणाला, "तू जातेयस तरी?" ती "हो" म्हणाली आणि त्याला दवाखान्याचा पत्ता पाठवला. त्या एका शब्दाला तिला आजवरच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त जोर लागला.

बंगळूरच्या वाटेवरचं मद्दूर मागे पडलं आणि उन्हं कलली, तेव्हा नागेंद्रचा फोन आला. "अक्का, अण्णा दारच उघडत नाहीत. मी कधीचा उभा आहे. म्हणतात, रत्ना तुझ्यामागं लपलीये, तिनंच तुला पुढं केलंय."

"फोन मोठ्यानं कर आणि दाराशी धर." ती सरसावून बसली. "अण्णा, मी गाडीत आहे. मद्दूर गेलं."

"खोटं बोलतेस," दाराआडून तिरुमलरावांचा आवाज आला. मास्तर होते तसाच करडा. "ड्रायव्हरला दे."

तिने फोन ड्रायव्हरच्या कानाजवळ धरला. "सार, मद्दूर दाटिद्वि सार," तो अदबीने म्हणाला. "मेडम इल्ले इद्दारे." मद्दूर ओलांडलं, मॅडम इथेच आहेत.

हयग्रीव आणि तुळसी खिडकीबाहेर बघत बसले होते, मुद्दाम. मग कडी निघाल्याचा आवाज आला. नागरत्नाने डोळे मिटले.

"उघडलं अक्का," नागेंद्र म्हणाला. मग दोन पावलं बाजूला झाला असावा, कारण त्याचा आवाज एकदम हलका झाला. "माझ्याकडं बघितलंच नाही. पायरी उतरून फाटकापर्यंत गेलेत. रस्त्यावर दोन्हीकडं बघतायत."