न दिलेली लोकर

वैशाखात लोकर कोण विकतं? सिद्धोधन आदल्या संध्याकाळी परभणीचा सगळा बाजार पालथा घालून आला होता. दुकानदार म्हणाले, दिवाळीनंतर या. एकानं माळ्यावरून एक तयार टोपी काढून दिली, ती लेकराच्या हनुवटीपर्यंत आली.

"आई, डोकं मोसंबीएवढं हाय लेकराचं," सकाळी सहालाच तो पिंगळीला सासूला फोनवर सांगत होता. "अर्पिता सिस्टरनं दोऱ्यानं माप घेतलं, अठ्ठावीस सेंटिमीटर. इथल्या बारक्या टोप्या दुसऱ्या लेकरांना घातल्यात. चारपर्यंत टोपी आली तर आजच लेकरू सुकेशनीच्या छातीशी देतो म्हणल्या. डोकं उघडं ठेवून पेटीतून काढता येत न्हाई. अन् वजन तर रोज उतरायलंय."

"बघते," म्हणून धम्मशीलाबाईंनी फोन ठेवला.

सुकेशनी त्यांची एकुलती लेक. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिची कूस उजवली, तीही सातव्याच महिन्यात. चौदाशे ग्रॅमची पोर काचेच्या पेटीत निजली होती आणि आईनं तिला अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाहेर ऊन बेचाळीसवर, आणि आत त्या जिवाला थंडी वाजत होती.

धम्मशीलाबाईंनी खाटेखालची पिशवी ओढली. अंगणवाडीत मदतनीस होत्या तेव्हापासून त्या गावाचे स्वेटर विणत. लोक लोकर आणून देत, या विणून देत, आणि थोडंफार उरे ते या पिशवीत जाई. एरवी पिशवी उपडी केली की रंगच बोलायला लागत. विटकरीशेजारी राखाडी पडला की पट्टे सुचायचे, निळ्याशेजारी पांढरा पडला की चौकडी. आज गुंडे जमिनीवर पसरले तरी काही म्हणता काही सुचेना. एकेक उचलून गालाला लावून बघितला, सगळे टोचरे. गावातल्या दिनकररावांच्या मफलरमधून उरलेला लाल तेवढा बरा, पण तोही कोवळ्या कातडीला खुपलाच असता.

मऊ असा एकच होता. तळाशी, कागदात गुंडाळलेला, हरभऱ्याच्या डाळीसारखा फिका पिवळा.

तो कडूबाईंचा.

चार वर्षांपूर्वी कडूबाईंनी आपल्या नातवासाठी, रामसाठी, असे पाच गुंडे आणून दिले होते. स्वेटर विणून झाला तेव्हा एक उरला. कडूबाईंनी विचारलंही होतं, "काई उरलं का गं?" आणि रोज पंचशील घेणाऱ्या या बाईच्या तोंडून निघून गेलं होतं, "न्हाई, संपली."

तेव्हापासून तो गुंडा तळाशी. फेकवेना, वापरवेना. किती वेळा हातात घेतला, पण त्याचं काय करावं ते कधी सुचलंच नाही.

त्या वंदनेला बसल्या. मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, पहिलं शील झालं. दुसऱ्याला 'अदिन्नादाना' निघालं आणि जीभ थांबली. न दिलेलं घेणार नाही, एवढंच तर म्हणायचं. तीस वर्षांत एकदाही न चुकलेले शब्द आज पुढं येईनात. शेवटी कसेबसे म्हटले, पण ते ओठांनी म्हटले.

मग सुया घेतल्या. आधी लेकरू, मग शील, असं मनाशी म्हणाल्या. साठ टाके घालायचे होते. मोजले तर अठ्ठावन्न. उसवले, पुन्हा घातले, एकसष्ट. तिसऱ्यांदा साठ भरले, पण हात इतके आवळलेले की टाका सुईवरून सरकेना. अशी टोपी घातली तर लेकराच्या कपाळाला वळ उठायचा. घड्याळात पावणेनऊ झाले. चार ओळी झाल्या होत्या, त्याही वाकड्या.

धम्मशीलाबाई उठल्या. सुया, गुंडा, सगळं तसंच हातात घेऊन दोन गल्ल्या ओलांडून कडूबाईंच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

आधीची तीन लेकरं गेली म्हणून, हिला तरी कुणी नेऊ नये म्हणून, कडूबाईंच्या आईनं त्यांचं नाव कडू ठेवलेलं. जिभेनं त्यांनी ते सार्थ केलं होतं. खाटेवर साडी अंथरून त्या कुरडया घालत होत्या.

"का गं शीलाबाई, सुया घेऊन कुठं? यंदा लोक वैशाखातच गारठले का काय?"

"कडूबाई, एक सांगायचं हाय."

"सांग की. पर सरक, कुरडईवर सावली पडायली."

धम्मशीलाबाई सरकल्या आणि उन्हात उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. पेटीतलं लेकरू, चार वाजेची टोपी, आणि हा गुंडा. कडूबाईंचा हात थांबला.

"राम्याचं स्वेटर बेंबीच्या वर आलतं," त्या हळू म्हणाल्या. "सून म्हणली, सासूनं लोकर आणताना हात आखडला. ऐकून घेतलं मी. अन् लोकर तुझ्या घरी?"

"व्हय."

"मी इचारलंतं तुला. ह्याच ओट्यावर."

"व्हय. संपली म्हणले मी. तव्हा सुकेशनीला दिवस गेल्यासारखं वाटलं होतं. इतकी मऊ लोकर हाती लागली, मन फिरलं माझं. पुढं तसलं काई न्हवतंच. मग तुझ्याकडं यायला तोंड न्हाई राहिलं."

"अन् गल्ली म्हणती, शीलाबाई म्हंजे देवमाणूस. दे इकडं."

कडूबाईंनी सुया ओढून काढल्या. साठ टाके एका क्षणात सुटले. चारही ओळी भराभरा उसवून त्यांनी धागा गुंड्यावर गुंडाळला, गुंडा मुठीत धरला आणि घरात गेल्या.

धम्मशीलाबाईंना वाटलं, संपलं. मागावं कोणत्या तोंडानं? चोरी आपली, खोटं आपलं, आणि शिक्षा त्या मोसंबीएवढ्या डोक्याला. आता परत जाऊन टोचऱ्या लोकरीचीच घालावी? की तसंच रिकाम्या हातानं परभणीला जावं? आतून डब्यांचा आवाज येत होता. किती वेळ झाला कोण जाणे.

कडूबाई सूप घेऊन बाहेर आल्या. सुपात पसाभर गहू, त्यावर पिवळा गुंडा.

"हळदकुंकू तू लावत न्हाईस, मला ठाव हाय. पदर पसर."

धम्मशीलाबाई बघतच राहिल्या.

"पसर की! दिल्याबिगर घेत न्हाईत म्हणती ना तुमच्यात? मग आता मी द्यायली. घे."

गहू आणि लोकर पदरात पडली. धम्मशीलाबाईंनी पदराची गाठ बांधली.

"अन् माफ केलं न्हाई बरं का," कडूबाई पुन्हा खाटेकडं वळल्या. "स्वेटर आखूडच होतं. जा आता, रडत बसू नको."

घरी येऊन टाके घातले. पहिल्याच खेपेला साठ भरले, तरी खात्री पटेना म्हणून दोनदा मोजले. एक सुलट, एक उलट, म्हणजे टोपी ताणेल. जेवण राहिलं, पाण्याचा तांब्या तसाच राहिला. शिवण टोचू नये म्हणून ती बाहेरच्या अंगाला घेतली. दीडला टोपी झाली. गरम पाण्यात धुऊन दोरीवर टाकली, ती वैशाखाच्या उन्हात बघता बघता वाळली. स्वच्छ रुमालात बांधून त्या ऑटोत बसल्या. वाटभर एकच धास्ती, घट्ट झाली असली तर? सैल झाली असली तर?

चारला दहा कमी असताना अर्पिता सिस्टरनं टोपी आत-बाहेर उलटून पाहिली, "शिवण बाहेरून? बरं सुचलं, मावशी," म्हणाली आणि घेऊन गेली. धम्मशीलाबाई दारातल्या काचेला डोळे लावून उभ्या. टोपी भुवयांवर येऊन थांबली. ना आवळली, ना उतरली.

सुकेशनी खुर्चीत बसली होती. "सिस्टर, माझ्या हातून निसटलं तर?" तिचा आवाज काचेतूनही कापरा ऐकू आला. पण तोवर लेकरू तिच्या छातीशी फडक्यानं बांधून झालं होतं. सिस्टरनं थर्मामीटर लावलं. छत्तीस पॉइंट एक. कमी होतं. अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं, आणि उतरलं तर लगेच पेटीत.

त्या अर्ध्या तासात कडूबाईंचा फोन आला.

"बसली का?"

"बसली."

"अन् पाय?"

"मोजे राहिलेत. लोकर सरली."

"खरंच सरली, का मागच्यासारखी सरली?"

धम्मशीलाबाई हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "खरंच सरली गं. पिशवीत लाल हाय, दिनकररावांच्या घरची. पर टोचती. अन् तीबी..."

"तीबी तसलीच का? धन्य हाईस माय. इचारून ठेवते मी त्यास्नी. आतून मलमल लाव, म्हंजे टोचायची न्हाई. लेकराकडं बघ तू."

दार उघडलं. अर्पिता सिस्टर बाहेर आली. धम्मशीलाबाईंनी फोन तसाच कानावरून खाली घेतला.

"छत्तीस पॉइंट चार."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चढायलंय, मावशी. पण अजून पुरतं न्हाई. आणखी अर्धा तास राहू द्या तसंच."

त्या परत काचेपाशी गेल्या. सुकेशनी मान खाली घालून त्या पिवळ्या टोपीकडं बघत होती. तिचा तळवा लेकराच्या पाठीवर पुरता टेकला होता.