काठावरचा मजकूर

"फोटो काढलेत ना, मग मूळ पत्र मिळत नाही," हस्तलिखितांच्या संग्रहालयातला कारकून तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ठकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठकी म्हणजे काही लहान पोर नव्हे. पन्नाशीची बाई, शाळेत गणित शिकवणारी. पण आत्याने लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आज अर्धी रजा टाकून ती आली होती तीही आत्यापायीच. आत्याचे वडील, म्हणजे ठकीचे आजोबा, जहाजावर डॉक्टर होते. बंदराबंदरांतल्या साथीबद्दल ते बायकोला लांबलचक पत्रं लिहायचे. कागदाची चणचण, म्हणून पान भरलं की चारी काठांवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, लेकीसाठी लिहायचे. आई वाचायची आणि चिमुरडी आत्या कागद गोल गोल फिरवायची. तो तिचा मान होता. पुढे आत्यानेच मोठ्या अभिमानाने ती पत्रं संग्रहालयाला दिली. आता तिची नजर गेली, तिने अंथरूण धरलं आणि एकच घोशा लावला. "बाबांचं काठावरचं एकदा ऐकव गं, मग मी मरायला मोकळी."

मरायची भाषा आत्या कित्येक वर्षं करत होती. पण या खेपेला तिच्या डॉक्टरांनीही धीर दिला नव्हता.

कारकुनाने संगणकावर दाखवलेल्या फोटोंत साथ होती, औषधं होती, दगावलेले खलाशी होते. काठ तेवढे नव्हते.

"फोटोवाल्याने सोडले असतील," कारकून म्हणाला.

"अहो, म्हणून तर मूळ पत्र मागतेय ना!"

"त्याला अर्ज लागतो."

अर्ज दिला. अर्जावर साहेबांची सही हवी, साहेब बैठकीत. बैठक संपली तर साहेब जेवायला. ठकी बाकावर बसून राहिली. समोर पाटी होती, 'कृपया शांतता राखा'. म्हणजे इतका वेळ मी दुसरं काय करतेय, असं त्या पाटीलाच खडसावून विचारावंसं तिला वाटलं.

अखेर साहेब स्वतःच ग्रंथ घेऊन आले. सगळी पत्रं एकत्र बांधलेली, वर कापडी पुठ्ठा, कडा कशा सुरीने कापल्यासारख्या सरळ. ठकीने घाईघाईने पान उघडलं. पानाच्या कडेला अक्षरांचे नुसते शेंडे उरले होते. पुढचं पान, त्याच्या पुढचं, सगळीकडे तेच.

"काठ फार झिजले होते," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "बांधणीच्या वेळी सारखे करून घेतले. मुख्य मजकुराला मात्र धक्का नाही हं."

"आणि काठावर लिहिलं होतं ते?"

साहेबांनी नोंद चाळली. "घरगुती मजकूर, असं लिहिलंय."

"कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने टेबलाकडे. ठकीला काय काय बोलायचं होतं! पण या दोघांसमोर रडायचं नाही म्हणून ती तशीच उठून चालू लागली.

वाटेत तिने ठरवलं, सरळ थाप मारायची. घरी गेल्यावर आत्याच्या उशाशी बसून तिने कोरा कागद समोर धरला आणि वाचल्यासारखं केलं. "बाळ, शहाण्यासारखी वाग. आईला त्रास देऊ नकोस. अभ्यास कर."

आत्या खुदकन हसली. "चल, लबाड! हे माझे बाबा नव्हेत. ही तुमच्या शाळेची सूचना झाली."

मग मात्र ठकीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं, साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या, नाक पुसलं आणि पेन हातात घेतलं.

"जाऊ दे मेले! तुला तर सगळं तोंडपाठ होतं ना गं आत्या? सांग, मी लिहून घेते."

आत्याची बोटं पांघरुणाचा काठ हळूहळू फिरवत राहिली.

"होतं गं पाठ. रोज झोपताना मी म्हणायचे. मग पत्रं त्यांच्याकडे दिली. म्हटलं, आता ते नीट जपतील, आपण कशाला घोकायचं? म्हणून म्हणायचं सोडलं."