माझ्यावरची सातवी खूण

पूर आला की दाराला आडवी फळी लावतात, मित्रांनो. ती मी. जुनी आहे. लाकूड एल्म नावाच्या झाडाचं, उंची मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. नदी गावात शिरली की मला चौकटीच्या दोन्ही खाचांत सरकवायचं, फटी चिकणमातीनं लिंपायच्या आणि पाणी बाहेर ठेवायचं. एवढंच माझं काम. ते मी नीट केलंय. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

आमचं गाव इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीच्या काठावर. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, दारं थेट रस्त्यावर. मला बनवलं विल्फ टँडीनं, गोठ्याचं मोडकं दार कापून. तो रंधा मारत होता तेव्हा शेजारचा डेरेक पार्डो कुंपणावरून म्हणाला, "काय रे विल्फ, घरात बकऱ्या पाळणार का?"

"तू आत येऊ नयेस म्हणून करतोय," विल्फ म्हणाला.

त्याच हिवाळ्यात नदी आली. डेरेकच्या घरात पोटरीभर पाणी, आमच्या घरात थेंब नाही. बाहेर पाणी जिथवर चढलं होतं तिथं विल्फनं माझ्या आतल्या अंगाला पेन्सिलनं रेघ मारली, शेजारी तारीख टाकली. मग दर पुराला एक रेघ. अशा सहा झाल्या. लोक बघायला यायचे. डेरेकनं तर मला थोपटलं. पाणी ओसरलं की मात्र माझी रवानगी शेडमध्ये, गवत कापायच्या मशीनमागं, वर रंगाचे डबे. त्याचं वाईट नाही वाटायचं. म्हणजे, थोडं वाटायचं.

एकदा नदी माझ्या डोक्यावरून गेली. ती रेघ माझ्यावर मावलीच नसती. घर वाळायला अकरा महिने लागले. विल्फ आणि त्याची बायको बेरिल तेवढे दिवस शेतातल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत राहिले. विल्फ तिथंच वारला. बेरिल एकटी परत आली. भिंतींना पिवळा रंग दिला आणि डेरेकला म्हणाली, "परत एकदा आत आलं ना, तर मी पोरीकडं जाणार. पुन्हा भिंती खरवडायला नाही जमणार मला."

"नाही येत गं. ही म्हातारी आहे की," डेरेक म्हणाला. म्हातारी म्हणजे मी.

गेल्या फेब्रुवारीत नदी आली. सकाळी अकराला पाणी माझ्या वरच्या काठाखाली चार बोटांवर थांबलं. तासभर तिथंच. नदी प्रामाणिक असते, मित्रांनो. हळू येते, सांगून येते.

गाड्या तशा नसतात. गावाच्या दोन्ही टोकांना 'रस्ता बंद'च्या पाट्या होत्या. लोक उतरतात, पाटी बाजूला सरकवतात, गाडी काढतात. परत जागेवर कोण ठेवणार? पाण्यातून गाडी जोरात गेली की लाट उठते आणि सरळ दारांवर येते. ट्रॅक्टरवाले हळू जातात, त्यांना माहीत असतं. बाकीच्यांना वाटतं रस्ता त्यांचा आणि घरं रस्त्याकडेची झाडं. त्या सकाळी नऊ गाड्या गेल्या. नऊ लाटा खाल्ल्या मी. हलले नाही.

शेवटी डेरेक काखेपर्यंतची रबरी विजार घालून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मोठी काळी जीप आली. त्यानं हात केला. काच खाली झाली.

"माफ करा हं," डेरेक म्हणाला, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर जरा हळू जमेल का?"

"जमेल की. थँक्यू," आतला माणूस म्हणाला. हसून हात हलवला आणि गाडी दामटली.

ती लाट वेगळी होती. माझं डावं टोक खाचेतून निघालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हलले. मग काय, रस्त्यावरचं सगळं पाणी आत.

बेरिल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहा घेत बसली होती. पाणी पिवळ्या भिंतीला लागताना तिनं बघितलं आणि कप खाली ठेवला. बस, एवढंच.

डेरेक धापा टाकत आला. तिनं विचारलं, "तू त्याला माफ करा म्हणालास?"

"अनोळखी माणसावर ओरडायचं कसं, बेरिल?"

"बायकोवर ओरडतोस की."

"ती ओळखीची आहे."

जीप शंभर पावलांवर बंद पडली होती. थोड्या वेळानं तो माणूस एक खोका डोक्यावर धरून आमच्याच दारात आला. नाव ऍड्रियन. "मॅडम, एक फोन करू का? माझा भिजला. पोरीचा वाढदिवस आहे, यात केक आहे."

बेरिलनं खोका घेतला, तिसऱ्या पायरीवर ठेवला. कोरडा उरला होता तो जिनाच. फोन दिला. वर चहासुद्धा विचारला. या लोकांना राहवतच नाही. मी तिच्या जागी असते तर खोका पाण्यात सोडला असता.

तो गुडघाभर पाण्यात उभं राहून चहा प्यायला आणि म्हणाला, "वाईट झालं हो. नदीपुढं काय चालतं आपलं."

बेरिल पाण्यात उतरली. मला ओढून त्याच्यासमोर उभं केलं. "ही बघ नदी," ती म्हणाली आणि सहा रेघांवरून बोट फिरवलं. "आज ती इथं होती. काठाच्या खाली. तासभर. नंतर तू आलास."

"पाटी बाजूलाच होती..."

"कुणी केली बाजूला?"

त्यानं कपात बघितलं. "मीच. वळसा बारा मैलांचा पडतो."

बेरिलनं विल्फची पेन्सिल त्याच्या हातात दिली. "लिही. काठावर. तारीख आणि नाव."

ओल्या लाकडावर पेन्सिल उठत नाही. त्याला दाबून दाबून कोरावं लागलं. बेरिलनं खोका परत दिला. केक कोरडा होता, मी बघितलं.

मार्चमध्ये बेरिल पोरीकडं गेली, टेकडीवरच्या गावात. घराला कुलूप आहे. डेरेकनं मला गावाच्या तोंडाशी, त्या पाटीशेजारी खांबाला ठोकलंय. पाणी आलं की तो माझ्याजवळ उभा राहतो. आता माफ करा म्हणत नाही. जे म्हणतो ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मित्रांनो, तुम्ही लहान, मागच्या सीटवर बसता. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी चालवणाऱ्याला सांगा, वळव गाडी. बारा मैल म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. केक थांबतो तेवढा. माझ्यावर सात खुणा आहेत. सहा नदीच्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. सातवी मात्र माणसाची. आठवीला काठावर जागा आहे. तिथं तुमच्या घरातल्या कुणाचं नाव येऊ देऊ नका.