गार पडलेली भिंत

लाँड्रीवाल्या मावशी बेकरीवाल्याच्या अगदी हात धुऊन मागे लागल्या होत्या, आणि तेही चांगली दहा-बारा वर्षं. त्याच्या कोळशाच्या भट्टीचा धूर थेट त्यांच्या खिडकीतून यायचा आणि दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींवर काळे ठिपके टाकून जायचा. "अरे, पाव भाजतोस की माझं नशीब?" असं रोज सकाळी ओरडल्याशिवाय मावशींचा दिवस सुरू होत नसे. शेवटी त्यांनी गल्लीभर फिरून सह्या गोळा केल्या. अंथरुणाला खिळलेल्या वरच्या आजोबांचासुद्धा अंगठा सोडला नाही. बेकरीवाल्याच्या नाकी नऊ आले. त्याने कर्ज काढलं, सगळ्या छपरावर सोलरची पॅनेलं बसवली आणि विजेवर चालणारी नवी भट्टी आणली.

पहिल्या दिवशी त्याने एकेकाला भट्टीच्या अंगाला हात लावायला लावला. "बघा! आत आग, बाहेर गारेगार! एवढीशीसुद्धा उष्णता वाया जात नाही!" सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? आमच्या मावशींनीच.

आपण कशाला टाळ्या वाजवल्या, ते त्यांना आठवड्याभरात कळलं.

बेकरी आणि लाँड्री यांच्यात भिंत एकच. पलीकडे जुनी भट्टी तिला लागून, त्यामुळे अलीकडे ती रात्रंदिवस गरम. मावशींच्या सगळ्या दोऱ्या तिच्यालगतच बांधलेल्या. गल्ली इतकी अरुंद की ऊन वाट चुकलं तरच आत यायचं, पण भर थंडीतही संध्याकाळी टांगलेल्या चादरी सकाळी कडकडीत वाळायच्या. मावशींना वाटायचं, ही आपल्या हाताची करामत. भिंतीचं नाव कधी कुणी काढलंच नव्हतं.

आता चादरी दमट जायला लागल्या. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी एक चादर गालाला लावून बघितली. "मावशी, पेशंटना सर्दी करायचीय का? सोमवारपर्यंत थांबते. नाहीतर काम दुसरीकडे देईन."

दवाखाना गेला तर उरणार काय? गल्लीतले दोन-चार शर्ट! त्यावर लाँड्रीचं शटर किती दिवस उघडं राहणार? त्यांनी साबण बदलला, कपडे पिळायच्या यंत्राला शिव्या घातल्या, थंडीलाही घातल्या. मग सहज भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. भिंत गारठली होती.

आता बोलायचं तरी कुठल्या तोंडाने? सह्या गोळा करणारी बाई हीच! दोन दिवस त्यांनी मिठाची गुळणी धरली. रविवारी सकाळी मात्र तरातरा बेकरीत शिरल्या.

"या मावशी!" बेकरीवाला खूश झाला. त्याला वाटलं, आभार मानायला आल्या. "धूर गेला ना?"

"धूर गेला आणि माझी भिंतही घेऊन गेला. दे माझी भिंत परत!"

आधी तो हसला. मग मावशींचा चेहरा बघून त्यांच्यामागून लाँड्रीत आला. इतक्या वर्षांत त्याने हा भाग कधी पाहिलाच नव्हता. ओल्या चादरी, दोऱ्या, एक स्टूल आणि स्टुलामागे भिंतीवर झिजून गुळगुळीत झालेला एक डाग.

"हे काय?"

"ती माझी पाठ," मावशी म्हणाल्या. "दुपारी जरा टेकते. टेकायचे."

बेकरीवाल्याने कोपऱ्यातल्या झाकलेल्या यंत्राकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

"कपडे सुकवायचं. भाचीने दिलंय. त्याचं विजेचं बिल भरायचं म्हणजे मला विकायला काढावं लागेल."

"अहो, माझी भट्टी पहाटे चालते आणि सकाळी झोपते. दुपारी छपरावर वीज नुसती लोळत असते. साठवायच्या बॅटरीची किंमत ऐकूनच मला घाम फुटला. वीज कंपनी ती मातीमोल भावाने घेते आणि पहाटे सोन्याच्या भावाने देते. त्यापेक्षा तुम्ही घ्या."

"फुकटचं काही नको मला."

"इतकी वर्षं धूर फुकट पाठवला, तेव्हा नाही म्हणालात?"

"म्हणाले होते! रोज म्हणत होते!"

यावर दोघंही हसले. दुपारपर्यंत भिंतीला भोक पडलं, वायर आली, यंत्र घरघरायला लागलं. सोमवारी सिस्टरनी चादर गालाला लावली, नाकालाही लावली आणि पुढच्या चादरींचा गठ्ठा मावशींपुढे सरकवला.

मावशी तरंगतच परतल्या. चादरी यंत्रात घातल्या, स्टुलावर बसल्या, सवयीने मागे टेकल्या आणि "आई गं!" करून ताडकन उठल्या. काम वाचलं होतं, पण ही भिंत काही आता गरम होणार नव्हती. यंत्राला का कुणी पाठ टेकतं? वेड्यासारखं रडूच आलं त्यांना. कुणी बघत नाही ना, एवढं बघून त्यांनी पदराने डोळे पुसले.

मंगळवारी दुपारी बेकरीवाला दारात उभा. हातात टॉवेलात गुंडाळलेला, चांगला हातभर लांब पाव, वाफाळता.

"आत्ता? आत्ता तर तुझी भट्टी बंद असते."

"लावली. हा खायचा नाही हं. बसा, पाठीमागे धरा."

मावशींनी पाव पाठ आणि भिंतीच्या मधे सरकवला आणि डोळे मिटले. बेकरीवाला जायला वळला.

"अरे," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "उद्या थोडा खाली आण. कंबरेलाही शेक लागतो."

"खाली म्हणजे? दोन आणू?"

"दोन आण."

संध्याकाळी पाव निवला, तेव्हा त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला. धुराचा वास नसलेला पाव त्यांना जरा अळणीच लागला, पण हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.