मालक हुडक

"काय बघतोयस रं? कोण हाय तिकडं?"

शेंग्या हलला नाही. खाटेपासून चार हातांवर बसून तो जिनाप्पांच्या खांद्यावरून मागं बघत होता. मध्येच त्यानं शेपटी फरशीवर आपटली, ओळखीचं माणूस दिसल्यावर आपटतो तशी.

जिनाप्पा खाटेवरच मागं सरकले आणि भिंतीला पाठ चिकटवून बसले. आता मागं कुणाला उभं राहायला जागाच नव्हती. शेंग्यानं मान जरा वर केली आणि त्यांच्या डोक्याच्या वर बघायला लागला.

कमला जाऊन अकरा दिवस झाले होते. रोज पाच वाजले की हे असंच चालायचं.

जिनाप्पांनी चौतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, बिडाचे भाग ओतणाऱ्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळलं. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. तिथंच खोली करून राहायचे. शनिवारी संध्याकाळी खाकी पिशवी घेऊन संकेश्वरला घरी यायचे आणि सोमवारी पहिल्या बसनं परत जायचे. स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे मात्र त्यांना निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर नंतरही नव्हतं.

लेक रूपाली लग्न होऊन बेळगावात टिळकवाडीला गेली, घर खायला उठलं, तेव्हा कमलानं हे पिल्लू आणलं. भुईमुगाच्या टरफलाचा रंग, म्हणून शेंग्या. एकटीनं दिवसभर करायचं काय, म्हणून तिनं त्याला शिकवायला घेतलं. आधी नुसता चेंडू. नाकापुढं धरायचा, "चेंडू" म्हणायचं, त्यानं तोंडात धरला की भाकरीचा तुकडा द्यायचा. आठवड्यानं चेंडूशेजारी बाहुली ठेवली. मग चेंडू घमेल्याखाली, मग पलीकडच्या खोलीत. चेंडू, बाहुली, भोवरा. चौथं खेळणं तिनं जिनाप्पांच्या कामावरच्या जुन्या निळ्या शर्टाची बाही कापून, आत चिंध्या भरून शिवलं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. त्या खेळण्याचं नाव तिनं ठेवलं 'मालक'.

"मालक हुडक, शेंग्या," ती म्हणायची, आणि शेंग्या घरभर हुंगत फिरायचा.

जिनाप्पा शनिवारी आले की चेष्टा करायचे. "मी हितं बसलोय की. त्याला काय हुडकाय लावतीस?"

"तुम्ही एक दिस असताय," कमला हसत म्हणायची. "त्यो रोज हुडकतोय."

तेव्हा हसण्यावारी नेलेलं हे बोलणं आता त्यांना पानावर बसलं की आठवायचं.

तिचा एक नियम होता. चारही खेळणी टोपलीत आली की शेंग्याचं जेवण, आणि त्याचं झालं की सूर्य बुडायच्या आत तिचं. जैनाचं घर, दिवस मावळल्यावर ताट नाही. निवृत्तीनंतरची तीन वर्षंही तो नियम तसाच चालला. त्या दिवशीही तिनं चारही खेळणी लपवली. शेंग्यानं तीन आणली. उंबऱ्यावर बसलेली कमला "मालक हुडक" म्हणाली आणि तिथंच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथं खेळणं कुठं लपवलं ते गुपित तिच्याबरोबरच गेलं. शेंग्यानं तेव्हापासून जेवण सोडलं. सकाळी वाटीभर दूध, बस्स. बरगड्या वर आल्या होत्या.

जिनाप्पांनी घर स्टोअरसारखं तपासलं. माळा, धान्याचे डबे, गाद्यांच्या घड्या, न्हाणीघर. कुठंच नाही. मग दुसऱ्या एका शर्टाची बाही कापून त्यांनी स्वतः नवा 'मालक' शिवला, वेडावाकडा. शेंग्यानं तो हुंगला, टोपलीत न टाकता बाजूला ठेवला आणि पुन्हा येऊन खाटेसमोर बसला.

शेजारच्या जयाबाईनं दाराशी उभं राहून हे पाहिलं होतं. "अण्णा, मुक्या जनावराला दिसतंय म्हणत्यात. वैनी दिसत असंल त्याला."

"गप बस गं," जिनाप्पा म्हणाले, पण त्यांच्या अंगावर काटा आला. भीती कमलाची नव्हती. तिनं काही विचारलं तर सांगायचं काय, याची होती.

आज फोन वाजला. रूपाली होती.

"आप्पा, उद्या येतोय आम्ही. शेंग्याला हिकडं आणतो. जागा बदलली की खाईल."

"त्यो गेल्यावर मी काय करू गं हितं?"

"तुम्हीबी चला. पण त्यो तिथं ऱ्हायला तर मरंल आप्पा, लई वाळलाय."

जिनाप्पांनी शेंग्याच्या बरगड्यांकडं पाहिलं. ते खरंच होतं.

"आईला कवा इचारला न्हाईसा व्हय, खेळणी कुठं लपवतीस म्हणून?"

"न्हाय."

"मला सांगायची की फोनवर. म्हणायची, शेंग्याला सगळं घर पाठ झालंय. आता लपवायचं तर त्याच वासात लपवाय पायजे, मग घोटाळतंय ते."

फोन ठेवून जिनाप्पा तसेच बसले. त्या बाहीला वास कशाचा? बिडाचा, तेलाचा, फौंड्रीचा. घरात अजून त्या वासाचं काय होतं?

शेंग्या त्यांच्या डोक्याच्या वर बघत होता. जिनाप्पांनी हळूच मान वळवली. खुंटीवर त्यांची खाकी पिशवी होती. निवृत्त झाल्या दिवशी टांगली होती, त्यानंतर तिला हात लावला नव्हता. आपल्या वस्तूत दुसऱ्या कुणी काही ठेवलं असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आणि माझ्या खाटेजवळ यायचं नाही, हा धडा शेंग्याला त्यांनीच शिकवला होता. एकदा चप्पल मारून. बिचारा अकरा दिवस चार हातांवरून सांगत होता.

पिशवी त्यांना काढता आली असती. पण ते उठले आणि उंबऱ्यावर, कमला बसायची तिथं जाऊन बसले. दोनदा घसा खाकरला.

"मालक हुडक, शेंग्या."

शेंग्यानं खाटेकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"चढ रं. काय न्हाय करत. चढ."

एका उडीत तो खाटेवर गेला. भिंतीला पुढचे पाय लावून त्यानं पिशवी खाली ओढली, आत तोंड घातलं आणि निळी बाही आणून जिनाप्पांच्या पायांवर ठेवली.

बारीक, सारखे टाके होते. जिनाप्पांनी बाही नाकाशी नेली. बिडाचा वास होता, आणि त्याखाली कमलाच्या हाताला यायचा तो हळदीचा. ते तिथंच हमसून रडले. मग नाक पुसून त्यांनी 'मालक' टोपलीत टाकला.

शेंग्यानं थाळी चाटून लख्ख केली. ऊन अजून समोरच्या घराच्या कौलांवर होतं. "खाल्लं त्यानं. न्यायाला नगा येऊ," त्यांनी रूपालीला कळवलं. जयाबाईनं झाकून ठेवलेलं ताट घेऊन स्वतःही दोन घास खाल्ले, दिवस मावळायच्या आत, कमला गेल्यापासून पहिल्यांदाच.

शेंग्या दाराशी मुटकुळं करून निजला. खाटेकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"शेंग्या, बघ की रं," जिनाप्पा म्हणाले. "तिकडं बघ की जरा."

त्यानं एक कान हलवला आणि परत झोपला.

जिनाप्पांनी पिशवी झटकून पुन्हा खुंटीला लावली. मग ते खाटेवर बसले. आज त्यांनी पाठ भिंतीला टेकवली नाही. मागं एका माणसापुरती जागा सोडून, अंधार पडेपर्यंत ते तसेच काठावर बसून राहिले.